मंत्रालयाची आग आणि आपला सातबारा

21 जून 2012. दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वरचे मजलेही पेटले. पाच जण गेले. फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे राख. सगळ्यांचा एकच प्रश्न, आदर्शच्या कागदांचं काय? ते वाचले, कारण सीबीआयने तपासासाठी आधीच नेले होते. बॅकअप होता, पण योगायोगाचा!

खरा बॅकअप ठरवून घेतात. रोजची प्रत, ती लांबच्या दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर, आणि अधूनमधून तीच प्रत उघडून काम चालतंय का ते बघायचं. इथेच कंटाळा होतो.

आज सांगायचं कारण, 2018 पासून सातबारा डिजिटल सहीचा झालाय. आपल्या राहात्याच्या पेरूबागांचे उतारेही सर्व्हरवरच. त्यांची प्रत शेवटची कधी उघडून पाहिली, हे सरकारने सांगावं.