मूठभर धान्यातून महाविद्यालय

अन्नदान आणि ज्ञानदान ही दोन्ही मठाची कर्तव्ये होत, हे भक्तमंडळींस नव्याने सांगावयास नको. अन्नछत्र कसे चालते, हेही त्यांस ठाऊक असते. सुगीत खळ्यावरून धान्याची पोती येतात, कोणी तेलाचा डबा देतो, कोणी सरपण आणून टाकतो, आणि ज्याच्यापाशी देण्यासारखे काहीच नाही तो पंक्तीत वाढावयास उभा राहतो. परंतु महाविद्यालयाचा संसार याहून अवघड आहे. प्राध्यापकांचे वेतन दरमहा द्यावे लागते; ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह यांचा खर्च वर्षानुवर्षे चालूच राहतो. हा पैसा कोठून यावा, आणि पैसा देणाऱ्याचे ओझे विद्येवर न पडता कसा यावा, हा प्रश्न सदलगा, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील वडीलधाऱ्यांपुढे पूर्वीपासून उभा होता. त्याची उत्तरे याच परिसरातील कर्त्या पुरुषांनी शोधली.

इ. स. १९५६ पर्यंत सदलगा हे गाव मुंबई राज्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबर रोजी बेळगाव जिल्ह्याबरोबर ते म्हैसूर राज्यात गेले. दूधगंगेकाठच्या मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचे तर कोल्हापूर अथवा बेळगाव गाठावे लागे. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय १८८० पासून होते, आणि १९०१ पासून शाहू महाराजांच्या आश्रयाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू लागली. हा राजाश्रयाचा मार्ग होता. तो थोर खरा. पण प्रत्येक मुलुखास शाहू महाराज लाभत नाहीत.

बेळगावचा मार्ग निराळा. तेथे १३ नोव्हेंबर १९१६ रोजी सात तरुण शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. लोक त्यांना ‘सप्तर्षी’ म्हणून ओळखतात. आरंभी हाती एक इंग्रजी शाळा आणि अल्प वेतनावर राबण्याची तयारी, एवढेच भांडवल होते. या भागात दातृत्वाचा एक मोठा आदर्श त्यापूर्वीच घडला होता. शिरसंगीचे लिंगराज देसाई यांनी आपली जहागीर विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी विश्वस्तनिधीस वाहिली होती. ते १९०६ साली निवर्तले. १९३३ साली संस्थेने आपले महाविद्यालय काढले, त्यास त्यांचेच नाव दिले. शिक्षकांचा त्याग आणि दात्याची जमीन या दोन चाकांवर बेळगावचा गाडा चालला. १९६३ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

परंतु जेथे जहागीरदार नाही तेथे काय करावे? याचे उत्तर कुंभोजच्या एका मुलाने दिले. सदलग्याच्या वायव्येस, पंचगंगेपलीकडे असलेल्या या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. त्यांनी काही काळ किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करीत गावे पालथी घातली होती. शेतकऱ्याच्या दारी जाऊन त्याची खरी ऐपत ओळखण्याचे ज्ञान त्यांना या व्यवसायातच मिळाले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट, शेतीकाम ही सारी कामे मुलेच करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांसाठी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले.

तथापि एका माउलीच्या दागिन्यांवर संस्था चालत नाही, हे भाऊराव जाणून होते. म्हणून त्यांनी मुष्टिफंड काढला. दळण करताना प्रत्येक गृहिणीने एक मूठ धान्य बाजूस काढावे, आणि साठलेले धान्य वसतिगृहाने गोळा करावे, अशी ही रीत होती. जंगमाच्या झोळीची आणि माधुकरीची परंपरा असलेल्या मुलुखात ती सहज रुजली. एक मूठ कोणालाच जड नव्हती, म्हणून कोणाही एका दात्याचे उपकार संस्थेवर चढले नाहीत. शाळा सर्वांची झाली, कारण तिच्या भाकरीत सर्वांचे पीठ होते.

याचेच दुसरे अंग म्हणजे ‘कमवा आणि शिका’. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. फी भरण्यास असमर्थ असलेल्या मुलाने श्रम करून शिकावे, हे तेथील ब्रीद होते. याच संस्थेत वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे त्या महाविद्यालयाचे प्राचार्य व त्यानंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

अशीच साधना अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी केली. दास्यातून मुक्त झालेल्या निग्रो बांधवांसाठी १८८१ साली टस्कीगी येथे विद्यालय निघाले. विद्यार्थ्यांनी विटांची भट्टी लावली. ती तीनदा फसली. चौथ्या खेपेस वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण ठेवले, आणि भट्टी साधली. त्या विटांनी विद्यालयाच्या इमारती तर उभ्या राहिल्याच. शिवाय उरलेल्या विटा विकत घेण्यास गोरे शेजारीही येऊ लागले. विक्रीच्या पैशाबरोबर मानही मिळाला.

स्वावलंबनाची परीक्षा संकटात होते. १९४८ साली मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान रोखले. गाडगे महाराजांच्या मध्यस्थीने ते पुन्हा सुरू झाले. पण मधल्या काळात संस्था मोडली नाही, कारण लोकांच्या मुठीचा आधार तुटला नव्हता. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयास संस्थेने गाडगे महाराजांचेच नाव दिले. अनुदान हा जनतेचा हक्क आहे, तो सोडू नये. पण सारा भार त्याच्यावर टाकूही नये, हा धडा येथे मिळतो.

या मार्गावर एक खड्डाही आहे. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत, मुलांच्या कमाईवर शाळा चालवावयाची झाल्यास शिक्षक मुकादम होईल, अशी शंका घेण्यात आली. डॉ. झाकीर हुसेन समितीनेही आर्थिक बाजूवर अवास्तव भर देण्याचा धोका दाखवून दिला. शंका रास्त होती. श्रम विद्येसाठी असावेत, विद्या श्रमांपुढे गौण होऊ नये. साताऱ्यास हा तोल सांभाळला गेला, कारण तेथे संस्थापक स्वतः मुलांत वावरत होता.

पुढे ऊस आला आणि मुष्टिफंडाने नवे रूप घेतले. वारणाकाठी तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९६४ साली वारणानगरला महाविद्यालयही काढले. जात्यापाशी बाजूस काढलेली मूठ आता काट्यावर उसाच्या टनामागे निघू लागली. पात्र बदलले, वृत्ती तीच राहिली.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी निवर्तले. परंतु आजही पुणे विद्यापीठातील ‘कमवा आणि शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते. शरणांनी कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे सांगितली: घाम गाळून मिळवावे, आणि मिळवलेले वाटून खावे. कुंभोज, बेळगाव, वारणानगर येथे हीच तत्त्वे विद्येच्या मंदिरात आचरणात आली. पंक्तीत वाढणारा हात आणि वही धरणारा हात एकच असू शकतो, हे तेथील पिढ्यांनी सिद्ध केले. ज्या गावात अन्नछत्राची चूल कधी विझली नाही, त्या गावात ज्ञानदानाची चूलही त्याच सरपणावर पेटती राहो, हीच गुरुचरणी प्रार्थना.