औषध देताना रुग्णाची ओळख पटवणे (धाराशिव जिल्हा)

औषध हातात देण्याआधी ते नेमके त्याच रुग्णाचे आहे ना, याची मेडिकलमध्ये किंवा सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर केली जाणारी खातरजमा. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर रुग्णाचे नाव आणि पत्ता असावा लागतो. चिठ्ठी घेऊन आलेल्याने स्वतःचे ओळखपत्र दाखवावे, असे हा नियम म्हणत नाही.

धाराशिवमध्ये खरी अडचण इथेच येते, कारण बऱ्याचदा रुग्ण खिडकीपाशी नसतोच. बाजाराला निघालेल्या माणसाच्या खिशात शेजाऱ्यांच्याही चिठ्ठ्या असतात. भूम, वाशी, कळंब भागातली कुटुंबे ऊसतोडीला गेली, की मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिसराच कुणी आणतो. त्यात एकेका गावात एकाच नावा-आडनावाची अनेक माणसे सापडतात. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव विचारल्याशिवाय उलगडा होत नाही. बाळंतपणाला आलेल्या लेकीचा केसपेपर माहेरच्या आडनावाने निघालेला असतो आणि आधार कार्डावर सासरचे नाव असते. तिला परत पाठवणे चूक. वय, गाव, डॉक्टरांचे नाव आणि तपासणीची तारीख जुळवून पाहणे बरोबर.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णाची ओळख किमान दोन खुणांवरून पटवण्याची शिफारस केली. प्रश्न कसा विचारला, यावरही बरेच ठरते. ‘शिंदेच ना?’ म्हटले, की गर्दीत उभे असलेले, कमी ऐकू येणारे आजोबा मान हलवून पिशवी घेतात. ‘पेशंटचं पूर्ण नाव सांगा. वय किती? गोळ्या कशाच्या?’ असे विचारले, तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते आणि घोळ असला तर तिथेच कळतो. शंका राहिलीच, तर घरी फोन लावावा. तेवढा वेळ रांग थांबली तरी चालेल.

काही औषधांबाबत कायदा अधिक कडक आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये सुरुवातीला ४६ औषधे होती. त्यांत काही अँटिबायोटिके, क्षयरोगाची आणि सवय लावणारी औषधे येतात. ती देताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षे जपावे लागते. अनुसूची एक्सच्या औषधांसाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. एक दुकानात दोन वर्षे राहते.

ओळख पटवताना आजाराचा बोभाटा होता कामा नये. एचआयव्हीबाधितांच्या माहितीची गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक केली आहे. क्षयरोग्याला किंवा मानसिक आजाराच्या रुग्णालाही तोच मान मिळायला हवा. लहान गावात औषधाच्या नावावरून आजार ओळखणारे कमी नसतात, म्हणून हे प्रश्न हळू आवाजातच विचारावेत.

दुसऱ्याच्या हाती चिठ्ठी पाठवणाऱ्या घरच्यांनी सोबतच्या कागदावर रुग्णाचे पूर्ण नाव, वय, गाव आणि चालू असलेला मोबाइल नंबर लिहून द्यावा.