तापवलेला स्फटिक आणि खोडदच्या तबकड्या

नगरहून कल्याण रस्त्याने पारनेर तालुका मागे टाकला की जुन्नरची हद्द लागते. तेथे खोडदच्या माळावर आणि आसपासच्या शिवारांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही जीएमआरटी. सुमारे २५ किलोमीटरांत विखुरलेल्या या तबकड्यांनी एकच दुर्बीण होऊन काम करायचे, तर सर्वांचा ठोका एक हवा. आणि ठोक्याचा जुना वैरी म्हणजे ऊन.

१९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि हॉर्टन यांनी क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे पहिले घड्याळ केले. मात्र तापमान बदलले की स्फटिकाची कंपनसंख्याही ढळते. दहा लाखांत एक भाग चूक म्हणजे महिन्याला जेमतेम अडीच सेकंद. घरातल्या लंबकाच्या घड्याळाला एवढ्यावर शाबासकी मिळाली असती. रेडिओच्या कामात ती खपत नाही.

यावरचा उपाय ऐकायला उफराटा वाटतो: स्फटिक गार ठेवायचा नाही, तापवायचा. तापक फक्त उष्णता देऊ शकतो, काढून घेऊ शकत नाही. म्हणून पेटीचे तापमान भोवतालच्या कमाल तापमानाहून वरच बांधावे लागते. नगरकडे मे महिन्यात हवाच चाळिशी ओलांडते, बंद यंत्रात त्याहून अधिक. म्हणून बऱ्याच पेट्या ७०-८० अंशांवर ठेवतात. इंजिनिअर तिला सरळ ‘ओव्हन’ म्हणतात. भोवती फोमचे किंवा थर्मासासारखे निर्वात आवरण असते. तरी खरा चोर निराळाच. आवरण कितीही जाड केले, तरी आत जाणाऱ्या तांब्याच्या तारेतून उष्णता निसटते; म्हणून तारा बारीक आणि लांब ठेवतात. स्फटिकाची चकती धरायची तीही कडेला, जेथे कंपन सर्वांत कमी. पकड घट्ट झाली तर ताणाने कंपनसंख्या सरकते, सैल राहिली तर प्रत्येक धक्का जाणवतो.

१९३४ च्या सुमारास ‘एटी’ छेद आला. सुमारे ३५ अंशांच्या कोनात कापलेल्या या चकतीवर तापमानाचा परिणाम फार थोडा होतो. ओव्हन त्याने निकालात निघाला नाही, त्याचे ओझे मात्र हलके झाले.

खोडदला मध्यवर्ती इमारतीतला संदर्भ-ठोका प्रकाशतंतूंतून प्रत्येक तबकडीपर्यंत जातो. तंतूही उन्हाने लांबतो, आणि २१ सेंटिमीटरची लाट ०.७ नॅनोसेकंदात निघून जाते. म्हणून तंतू जमिनीत खोल पुरलेले आहेत. येथे आवरणाचे काम माती करते. एवढे करूनही जी चूक उरते, ती काढण्यासाठी निरीक्षणाच्या मध्येच तबकड्या ओळखीच्या तेजस्वी रेडिओ-स्रोताकडे वळवून ठोका पुन्हा जुळवून घेतात.