इंधन अंतःक्षेपण समय (डिझेल ट्रॅक्टर)

इंधन अंतःक्षेपण समय, प्रचलित भाषेत इंजेक्शन टायमिंग, म्हणजे डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधनाचा फवारा सुरू होण्याची वेळ. दट्ट्या संपीडन स्ट्रोकमध्ये सर्वोच्च स्थानी पोहोचण्यास क्रँकशाफ्टचे किती अंश बाकी असताना फवारा सुरू होतो, यावरून ती मोजली जाते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत ती टायमिंग गिअर आणि इंधन पंप यांच्या यांत्रिक जोडणीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी
डिझेल इंजिनात ठिणगी नसते. संपीडनाने तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते आपोआप पेट घेते. मात्र फवारा आणि प्रज्वलन यांत अत्यल्प विलंब असतो. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वेगाने क्रँकशाफ्ट एक सहस्रांश सेकंदात १२ अंश फिरतो. त्यामुळे फवारा दट्ट्या वर पोहोचण्याआधीच सुरू करावा लागतो. रॉबर्ट बॉश यांच्या जर्मन कंपनीने १९२७ मध्ये डिझेल इंधन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. जुन्या ट्रॅक्टरांत प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र प्लंजर असलेला पंप किंवा सर्व सिलिंडरांना आळीपाळीने इंधन पुरवणारा रोटरी पंप आढळतो. परकिन्स ३.१५२ इंजिनावर सीएव्ही कंपनीचा डीपीए हा रोटरी पंप वापरला गेला.

लक्षणे
फवारा ठरल्यापेक्षा लवकर सुरू झाल्यास इंजिनातून कर्कश ठोके ऐकू येतात, सिलिंडरमधील दाब प्रमाणाबाहेर वाढतो आणि सुरू करताना इंजिन उलट झटका देऊ शकते. असे इंजिन दीर्घकाळ चालवल्यास दट्ट्या, बेअरिंग व हेड गॅस्केट यांची हानी होते. फवारा उशिरा सुरू झाल्यास इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो, थंड इंजिन पांढरा धूर सोडते, नांगरटीसारख्या कामात ओढ कमी पडते, तसेच सायलेन्सरकडे जाणारा भाग अधिक तापतो.

प्राथमिक तपासणी
यांत्रिक जोडणी शाबूत असताना समय सहसा एकाएकी बदलत नाही. पंप उतरवून पुन्हा बसवताना खुणा चुकणे, पंपाचे बोल्ट सैल होणे, गिअर किंवा कपलिंग झिजणे, चावी तुटणे ही बदलाची मुख्य कारणे होत. वर्षानुवर्षांच्या झिजेने समय हळूहळू मागे पडू शकतो. वरील बहुतेक लक्षणे अन्य दोषांमुळेही दिसतात. इंधनात शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर, गळका नोझल, चुकीची टॅपेट फट किंवा झिजलेल्या रिंगांमुळे कमी झालेले संपीडन यांपैकी कोणताही दोष त्यामागे असू शकतो. म्हणून हे दोष तपासण्यापूर्वी पंप हलवू नये. अन्यथा मूळ दोष तसाच राहतो आणि योग्य असलेला समय बिघडतो.

समय तपासणे
स्वतंत्र प्लंजरांच्या पंपासाठी इंधनप्रवाह थांबण्याची पद्धत वापरतात.

१. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या संपीडन स्ट्रोकमध्ये आणतात. या वेळी त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात.
२. पंपाच्या पहिल्या निर्गमातील डिलिव्हरी व्हॉल्व्ह व स्प्रिंग काढून होल्डर परत लावतात व त्यावर वाकडी नळी बसवतात.
३. इंजिन बंद करण्याचा लिव्हर चालू स्थितीत ठेवून इंधन सोडतात.
४. इंजिन थोडे उलट नेऊन पुन्हा चालण्याच्या दिशेने सावकाश फिरवतात. त्यामुळे गिअरांतील ढिलाईचा परिणाम टळतो.
५. नळीतील धार तुटून थेंब थांबताच फ्लायव्हील किंवा पुलीवरील अंश पाहतात.

हा आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकड्याशी जुळला पाहिजे. डीपीए पंपात ही पद्धत न वापरता पंपाच्या आतील व फ्लँजवरील खुणा जुळवतात.

दुरुस्ती
फ्लँजवरील लांबट छिद्रांमुळे पंप थोडा फिरवता येतो. त्याच्या शाफ्टच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने पंपाचे अंग फिरवल्यास समय अलीकडे येतो, तर त्याच दिशेने फिरवल्यास उशिरा जातो. चार स्ट्रोकच्या इंजिनात पंप क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने पंपावरील १ अंशाचा बदल क्रँकशाफ्टवर २ अंशांचा ठरतो. सिलिंडरनिहाय सुटे पंप असलेल्या काही इंजिनांत पंपाखालील शिम बदलतात. शिम वाढवल्यास फवारा उशिरा सुरू होतो. बदल केल्यावर बोल्ट आवळून तपासणी पुन्हा करणे आवश्यक असते.

सुरक्षितता
चालू इंजिनातील नोझलचा फवारा किंवा फुटलेल्या पाइपमधील बारीक धार त्वचेत शिरू शकते. जखम किरकोळ वाटली तरी तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात. गळती शोधण्यासाठी हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात.