पट्ट्याला नंबर कसा मिळाला?

तिरोडा हा गोंदिया जिल्ह्यातला धानाचा तालुका. इथल्या माणसाला यंत्राचा पट्टा नवा नाही. धानाच्या गिरणीत मोटर एका जागी असते, हलर दुसऱ्या जागी, आणि दोघांना जोडतो तो पट्टाच.

समजा, अशाच एका गावातल्या माणसाची गाडी तिरोड्याहून गोंदियाला जाताना वाटेत बंद पडली. गाडी बिनगिअरची स्कूटर. पाय अधू असल्यामुळे त्याने तिला मागे दोन्ही बाजूंना जादा चाके लावून घेतली आहेत. लोक अशा गाडीला तीनचाकीच म्हणतात. इंजिन चालू आहे, पण चाक फिरत नाही. आतला पट्टा तुटला आहे. त्याला उतरून चालता येत नाही, गाडी ढकलणेही शक्य नाही. कोणीतरी तुटका पट्टा घेऊन दुकानात जातो. झिजल्यामुळे त्यावरची अक्षरे पुसली आहेत. दुकानदार चार पट्टे पुढे ठेवतो. चारही सारखेच दिसतात. आता यातला योग्य कोणता?

आपल्या आजोबांच्या काळी हा प्रश्न बहुधा पडलाच नसता. चरख्याचे मोठे चाक चातीला ज्या दोरीने फिरवते ती दोरी लहान पडली तर दुसरी बांधायची. पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा सैल झाला, की शिंपी तो थोडा कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडतो. जुन्या गिरण्यांतले रुंद सपाट पट्टेही असेच वादीने किंवा क्लिपांनी जोडलेले असत. पट्ट्याची लांबी कारखान्यात नव्हे, यंत्राजवळच ठरत असे. म्हणून नंबराची फारशी गरज नव्हती.

पण सपाट पट्टा घसरतो. त्याची पकड फक्त घर्षणावर असते. खांबाला दोरीचे वेढे वाढवले की पकड किती झपाट्याने वाढते, याचे गणित १८व्या शतकात ऑयलरने मांडले. पट्ट्याला मात्र कप्पीभोवती जेमतेम अर्धाच वेढा मिळतो. मोटारसायकलींच्या सुरुवातीच्या काळात हीच अडचण होती. डाइमलरच्या १८८५ च्या दुचाकीत पट्टाच होता. पुढे अनेक मोटारसायकलींना चामडी पट्टे होते, पण पावसात भिजले की ते घसरत. म्हणून हळूहळू साखळी आली.

घसरण्यावर दुसरा उपाय आकारात सापडला. अमेरिकेत डेन्व्हर शहरातल्या गेट्स कंपनीने १९१७ मध्ये रबर आणि सूत यांचा, दोन्ही बाजू तिरक्या असलेला पट्टा तयार केला. हाच व्ही-बेल्ट. तो कप्पीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. बाजूंमधला कोन ४० अंश धरला, तर खाचेच्या भिंतींवरचा एकूण दाब सपाट कप्पीवरच्या दाबाच्या सुमारे तिप्पट होतो (१ भागिले साइन २० अंश, म्हणजे २.९). ताण तेवढाच, पण पकड कितीतरी जास्त.

या पट्ट्याला एक अट मात्र होती. तो बिनजोड असायला हवा. बिनजोड पट्टा कापून लहान करता येत नाही. त्याची लांबी कारखान्यातच ठरते आणि ती गिऱ्हाइकाला आधी सांगावी लागते. पट्ट्याला नंबर मिळाला तो या गरजेतून.

गिरणीतल्या पट्ट्यावर 'बी ५२' असे लिहिलेले दिसेल. 'बी' म्हणजे वरची रुंदी १७ आणि जाडी ११ मिलिमीटर. ('ए' म्हणजे १३ आणि ८, 'सी' म्हणजे २२ आणि १४.) ५२ ही आतल्या बाजूने मोजलेली लांबी, इंचांत. आता हाच पट्टा कोणी बाहेरून मोजला तर? पट्टा गोल धरला की बाहेरचा परीघ आतल्यापेक्षा २ × ३.१४ × ११, म्हणजे ६९ मिलिमीटरने जास्त भरतो. हे पावणेतीन इंच झाले. तो माणूस 'बी ५५' मागेल आणि पट्टा सैल बसेल. गंमत म्हणजे हा फरक पट्ट्याच्या लांबीवर मुळीच अवलंबून नाही, फक्त जाडीवर आहे. मुलांना हे आधी ओळखायला सांगा, मग करून दाखवा.

आपल्या तीनचाकीचा पट्टा मात्र याहून अवघड आहे. नेदरलँड्समधल्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारगाडीत असा पट्टा आणला, की तोच गिअरचेही काम करतो. कप्पीच्या दोन तबकड्या जवळ आल्या की पट्टा बाहेरच्या कडेकडे सरकतो, दूर गेल्या की आत उतरतो. त्यामुळे दोन्ही कप्प्यांच्या त्रिज्यांचे प्रमाण बदलत राहते. १९८० च्या दशकात किनेटिक होंडाने ही रचना आपल्या रस्त्यांवर आणली. पुढे बहुतेक सगळ्या बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटरनी तीच घेतली. (ऑटोरिक्षात असा पट्टा नसतो.)

इथे लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची आहे. पट्टा अरुंद असेल तर पुढच्या कप्पीच्या तबकड्या पूर्ण मिटल्या तरी तो कडेपर्यंत पोचत नाही, आणि गाडीचा सर्वाधिक वेग घटतो. रुंद असेल तर तो सुरुवातीलाच वर बसतो आणि जड गाडी उचलताना इंजिन दमते. आणि जुना पट्टा तर झिजून अरुंद झालेलाच असतो! त्याच्याशी जुळवून घेतलेला नवा पट्टा चुकीचा निघण्याचा संभव असतो.

काही मोटारसायकलींत पट्टा पुन्हा आला तो दातांसह. हार्ले-डेव्हिडसनने १९८० मध्ये दातेरी पट्टा वापरला. परदेशातल्या कॅन-ॲम स्पायडर या तीनचाकी मोटारसायकलीतही तोच आहे. तिथे दातांमधले अंतर, दातांची संख्या आणि रुंदी जुळली पाहिजे. दाते निदान मोजता तरी येतात.

मग दुकानदाराला काय सांगायचे? बाजूची चाके नंतर लावलेली असतात, इंजिन आणि पट्टा सहसा मूळ स्कूटरचेच राहतात. म्हणून मूळ स्कूटरचे मॉडेल आणि वर्ष सांगायचे, माहितीपुस्तिकेतला किंवा सुट्या भागांच्या यादीतला नंबर मागायचा, आणि तुटका पट्टा फक्त पडताळ्यासाठी पुढे ठेवायचा.

शाळेजवळच्या पिठाच्या किंवा धानाच्या गिरणीतून एखादा टाकून दिलेला व्ही-बेल्ट मागून आणा. मुलांना तो दोऱ्याने आतून आणि बाहेरून मोजू द्या, रुंदी पाहू द्या, आणि पुसलेला नंबर ओळखायला सांगा. गावात कोणाची अशी तीनचाकी असेल, तर तिचा नंबरही मुलांनी शोधून द्यावा. त्या नंबराचा एक पट्टा सीटखाली असला, की तिरोडा ते गोंदिया या सुमारे ३० किलोमीटरच्या वाटेवर गाडी बंद पडली तरी कोणाही मेकॅनिकला तो तिथल्या तिथे बसवता येईल.