खडूच्या खाणीतील सदाहरित बाग

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत पसरलेल्या साउथ डाउन्स या टेकड्या खडूच्या, म्हणजे सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांपासून बनलेल्या मऊ चुनखडकाच्या आहेत. त्यांच्यावरील मातीचा थर बहुधा पातळ असतो, आणि चुन्यामुळे त्यातील लोह मुळांना शोषता येईल अशा रूपात राहत नाही. परिणामी ऱ्होडोडेंड्रॉन, कॅमेलिया अशा आम्ल जमीन मागणाऱ्या सदाहरित झुडपांवर, चुनखडीच्या रानातील उसावर पडतो तसाच केवडा पडतो, म्हणजे शिरा हिरव्या राहून मधले पान पिवळे पडते. अशा जमिनीत बाग होत नाही, हा समज म्हणूनच अगदी निराधार नव्हता.

वर्दिंगजवळच्या हायडाउन येथे फ्रेडरिक स्टर्न यांनी १९०९ पासून खडूच्या जुन्या खाणीतच बाग उभारून हा समज मोडला. चीन व हिमालयातून विल्सन, फॅरर, फॉरेस्ट आदी संग्राहकांनी आणलेल्या वनस्पती त्यांनी तेथे लावून पाहिल्या, आणि अर्धशतकाचा हा अनुभव १९६० साली ‘अ चॉक गार्डन’ या ग्रंथात मांडला. त्यांची रीत कष्टाची असली तरी गूढ नव्हती: घट्ट खडू खोलवर फोडून मुळांना वाट करून द्यायची आणि झाड लहान असतानाच लावायचे. चुन्याचा खरोखरच तिटकारा असलेली झुडपे मात्र कितीही खणले तरी तेथे रमणारी नव्हती, आणि निवडीचा हा भाग खणण्याइतकाच निर्णायक होता.

त्या पिढीत सदाहरित झुडूप बहुतेक वेळा वाफ्यातून हुंडीसह, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासह, काढून गोणपाटात बांधले जाई. पाने कायम राहत असल्याने बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांवाटे पाणी उडून जाणे, थांबत नसे. त्यामुळे लागवड शरद किंवा वसंत ऋतूपुरती मर्यादित राही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकच्या कुंडीत वाढवलेले झुडूप बाजारात आले आणि ऋतूचे हे बंधन सैल झाले. परंतु ही सोय झाडापेक्षा विक्रेत्याच्या अधिक पथ्यावर पडली, असे म्हणावे लागते. पीट, म्हणजे दलदलीतील अर्धकुजलेल्या वनस्पतींचा भुसभुशीत थर, हेच कुंडीतील मिश्रणाचे मुख्य द्रव्य झाले. एकदा वाळले की ते पुन्हा सहजी भिजत नाही, आणि कुंडीच्या भिंतीला अडून गोल फिरलेली मुळे बाहेरच्या पांढऱ्या मातीत शिरण्याऐवजी तशीच फिरत राहतात. अशी मुळे मोकळी न करता आणि भोवतालचा खडू न फोडता लावलेल्या झुडपाला, जमिनीत खणलेला खड्डा ही दुसरी कुंडीच ठरते.