पावतीपुस्तक हातात घेणारी माणसं

रमजान सुरू झाला की मशिदींच्या दारात पावतीपुस्तकं दिसू लागतात. दूरच्या एखाद्या मदरशाचे सफीर येतात, मोहल्ल्यातली पोरं कुणाच्या ऑपरेशनसाठी रुमाल पसरून उभी राहतात, शाळेची कमिटी नव्या वर्गखोलीसाठी चंदा मागते. आपण खिशात हात घालतो, पावती घेतो आणि ती कुठे ठेवली हे विसरून जातो. पैसे गोळा करणाऱ्या मुलालाही ईदनंतर कुणी विचारत नाही. पुढच्या रमजानपर्यंत कमिटीला त्याची गरज नसते.

भारतीय मुसलमानांच्या शिक्षणसंस्थांचा इतिहास वाचताना मात्र हा मुलगा वारंवार भेटतो. त्याने संस्थेसाठी पैसे आणले, आणि पुढे संस्थेला बदलायलाही लावलं. अलीगढ आणि जामिया मिल्लिया यांची गोष्ट या बाजूने फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेख.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला मदरसा सुरू केला आणि १८७७ मध्ये कॉलेजची पायाभरणी झाली. त्यासाठी त्यांनी लाज बाजूला ठेवून पैसे मागितले. लॉटरी काढली, पुस्तकं विकली, जत्रेतल्या कार्यक्रमात स्वतः रंगमंचावर उभे राहिले. देणगीदारांची नावं इमारतींच्या दगडांत कोरली. पण हे सारं एका माणसाच्या वजनावर चाललं होतं. सर सय्यद मागतात म्हणून नवाब देत, जमीनदार देत. हिशेबाचा भार कचेरीतल्या कारकुनांवर होता. १८९५ मध्ये उघड झालं की कॉलेजच्या मुख्य कारकुनाने लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केली होती. वृद्ध सर सय्यदांना हा धक्का फार लागला. १८९८ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा कॉलेज कर्जात होतं.

याच काळात कॉलेजमध्ये एक वेगळी गोष्ट सुरू झाली होती. १८९० मध्ये साहबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी ‘अंजुमन-अल-फर्ज’ स्थापन केली. लोक तिला ‘ड्यूटी’ म्हणत. गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी पैसा उभा करणं हे तिचं काम. मुलांनी दुकान चालवलं आणि सुटीत गटागटाने गावोगाव जाऊन चंदा गोळा केला. चांगल्या घरातली ही मुलं. परक्याच्या दारात उभं राहून मागणं त्यांच्यासाठी सोपं नव्हतं. पण त्यांच्यामुळे अलीगढचं नाव नवाबांच्या दिवाणखान्यातून लहान गावातल्या वकील, कारकून आणि दुकानदारांच्या घरात पोहोचलं. ज्याने पाच रुपये दिले तोही हे कॉलेज आपलं समजू लागला. आपलं समजणारा माणूस पुढे प्रश्नही विचारतो.

हे प्रश्न १९२० मध्ये थेट कॉलेजच्या दारात आले. खिलाफत आणि असहकाराचं वारं होतं. ऑक्टोबरमध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला गेले. सरकारी अनुदान नाकारा, अशी मागणी झाली. ट्रस्टींनी नकार दिला. विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा एक गट बाहेर पडला, आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ कॉलेजच्याच मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. तिचे पहिले वर्ग भाड्याच्या बंगल्यांत आणि तंबूंत भरले. बाहेर पडलेल्यांत झाकिर हुसैन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण होता.

नव्या संस्थेचा खर्च खिलाफत कमिटीकडून येत होता. या कमिटीचं केंद्र आपल्या मुंबईत होतं. स्वयंसेवक गावागावांत फिरत होते, नोटेसारख्या दिसणाऱ्या एक रुपयाच्या पावत्या वाटत होते. मुलगे तुरुंगात असताना अली बंधूंची आई, बी अम्मा, म्हातारपणी देशभर फिरल्या. त्यांच्या सभांमध्ये बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. मुसलमान स्त्रिया सार्वजनिक कामासाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर पुढे आल्याचं त्याआधी क्वचितच दिसलं होतं.

पण गोळा करणारे हजारो होते आणि तिजोरीची किल्ली मोजक्या हातांत होती. कमिटीचे अध्यक्ष मियाँ मोहम्मद छोटानी हे मुंबईतले लाकडाचे मोठे व्यापारी. तुर्कस्तानच्या मदतीसाठी जमलेल्या निधीतले सुमारे सोळा लाख रुपये त्यांच्या धंद्यात गुंतले असल्याचं पुढे उघड झालं. भरपाई म्हणून त्यांनी आपल्या लाकडाच्या गिरण्या देऊ केल्या, पण गेलेली पत परत आली नाही. मोहल्ल्यात दारोदार फिरलेल्या त्या पोरांना शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मान खाली घालावी लागली असेल. तिजोरीतला एक पैसाही त्यांनी पाहिला नव्हता. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली. कमिटी विस्कटली आणि जामियाचा पैसा आटला.

जामिया बंद करावी, असं तेव्हा अनेकांना वाटलं. हकीम अजमल खान यांनी ऐकलं नाही. १९२५ मध्ये त्यांनी संस्था दिल्लीच्या करोल बागेत आणली आणि बराचसा खर्च स्वतःच्या खिशातून केला. डॉ. अन्सारी आणि अब्दुल मजीद ख्वाजा निधीसाठी फिरत राहिले. गरज पडली तर जामियासाठी भीक मागेन, असं गांधीजींनी सांगितलं. जर्मनीत शिकलेले झाकिर हुसैन, आबिद हुसैन आणि मोहम्मद मुजीब १९२६ मध्ये परत येऊन तुटपुंज्या पगारावर रुजू झाले. डिसेंबर १९२७ मध्ये हकीमसाहेब वारले आणि संस्थेचा एकमेव मोठा आधार गेला.

जामियाचा खरा कायापालट यानंतर झाला. १९२८ मध्ये झाकिर हुसैन यांच्यासह काही शिक्षकांनी शपथ घेतली की वीस वर्षं जामियाची सेवा करू आणि दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात हाती त्याहून कमीच पडे आणि तेही उशिरा. पण त्यागाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे संस्थेचा कारभार या शपथ घेणाऱ्यांच्याच अंजुमनकडे आला. राबणारे आणि निर्णय घेणारे एकच झाले.

निधीची पद्धतही बदलली. ‘हमदर्दान-ए-जामिया’ नावाने सामान्य माणसांची एक साखळी उभी राहिली. शफीकुर्रहमान किदवई यांनी तिच्यासाठी खूप कष्ट घेतले. एका नवाबाकडून हजार रुपये आणण्यापेक्षा अनेकांकडून थोडी, पण नियमित रक्कम घ्यायची, असा तिचा मार्ग होता. हे काम कटकटीचं आहे. माणसं जोडावी लागतात, पत्रं लिहावी लागतात, काय चाललं आहे ते सांगत राहावं लागतं. पण एक देणगीदार रुसला म्हणून अशी संस्था बंद पडत नाही, आणि कुणा एकाच्या मर्जीवरही चालत नाही.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या शाळेची पायाभरणी झाली. कोनशिला सर्वात लहान विद्यार्थ्याच्या हातून बसवली गेली. १९४२ मध्ये शिक्षकांच्या दुसऱ्या तुकडीने तशीच शपथ घेतली. १९८८ मध्ये जामिया केंद्रीय विद्यापीठ झाली.

आता पुन्हा आपल्या मशिदीच्या दाराकडे येऊ. पगार घेऊन चंदा गोळा करण्यात गैर काही नाही. कुरआनने सांगितलेल्या जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये ती वसूल करणारेही आहेत. पण जो फुकट, आपल्या नावावर, आपल्या ओळखीच्या माणसांकडून पैसे आणतो, तो स्वतःची इज्जत गहाण ठेवत असतो. लोक कमिटीला ओळखत नाहीत, त्याला ओळखतात. पैशाचं काय झालं, हे जाणण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.

आपल्याकडे किती संस्था वर्षाचा हिशेब या मुलांसमोर वाचतात? बी अम्मांच्या सभेत दागिने देणाऱ्या बायकांच्या नाती-पणती आजही जकात काढतात, शाळांसाठी घरोघर फिरतात. त्यांच्यापैकी किती जणी कमिटीच्या बैठकीत बसतात? तरुण पुढे येत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक ट्रस्टी करतो. येत्या ईदनंतर त्याने एक करून पाहावं. ज्यांच्या हाती पावतीपुस्तकं दिली होती त्या सगळ्यांना, मुलींनाही, एका संध्याकाळी बोलवावं आणि हिशेबाची वही त्यांच्यासमोर उघडावी. ते प्रश्न विचारतील. काही प्रश्न बोचतील. पण पुढच्या रमजानात चंद्यासाठी फिरायला कोण येणार, ही काळजी मात्र उरणार नाही.